वर्तुळाच्या माथ्यावरची मोकळी जागा

कंपासताईंना जिवाणूंमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

“मी मोजणी खात्यातली,” प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या. “रस्ते, विहिरी, कुंपणं, घरांच्या हद्दी. हे सगळं कागदावर शाईने उतरवायचं, अठरा वर्षं तेवढंच केलंय. इथे काही भलतंच काढून ठेवलं तर मला बोल लावू नका.”

“हात थरथरतो का?”

“नाही.”

“मग झालं तर. बसा.”

प्रमुख बाई वयाने त्यांच्याहून सहा-सात वर्षांनी लहान, पण कामाला वाघ. सगळे त्यांना नुसतं ‘मॅडम’ म्हणायचे. मोजणी खात्याने आपली नकाशे काढायची शाखा बंद केली, तेव्हा तिथली माणसं जिथे जागा रिकामी असेल तिथे पाठवून दिली. कोणी पाणीपुरवठ्यात गेलं, कोणी शाळेत चित्रकला शिकवायला लागलं. ताईंच्या वाट्याला ही जिवाणूंची प्रयोगशाळा आली. पदरी पडलं पवित्र झालं, असं म्हणत त्यांनी आपलं टेबल उत्तरेच्या खिडकीशी ओढलं. एका बाजूला सदा घरघरणारा फ्रीज, दुसऱ्या बाजूला काचसामान धुवायचं सिंक. टेबलावर त्यांनी घरून आणलेली पितळी कंपासपेटी उघडली आणि पहिलं वर्तुळ काढलं. दुपारपर्यंत त्यांचं खरं नाव सगळे विसरून गेले होते.

त्या वर्तुळावर काय भरायचं ते मॅडमनी समजावलं. जिवाणू म्हणजे एकुलती एक पेशी. तिच्यात डीएनएचा लांबच लांब धागा, आणि त्या धाग्यावर चार अक्षरांच्या लिपीत त्या जिवाणूचा सगळा कारभार लिहिलेला. कारभारातलं एकेक काम जिथे लिहिलंय तो तुकडा म्हणजे एक जनुक. या धाग्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून नकाशा गोल. आणि प्रत्येक जनुक बाणाने दाखवायचं.

“बाणाने का?”

“जनुक वाचायला दिशा असते. काही घड्याळाच्या दिशेने वाचायची, काही उलटी.”

“म्हणजे दुतर्फा वाहतूक,” ताई म्हणाल्या. त्यांना ते पटलं. “आणि शून्य कुठे धरायचं?”

“वर. घड्याळात बारा असतात तिथे.”

“ते कागदावर झालं. धाग्यावर कुठे असतं?”

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना पीएचडीच्या विद्यार्थ्यांनीसुद्धा कधी विचारला नव्हता. “धाग्यावर शून्य नसतंच, ताई. कुठूनतरी वाचायला सुरुवात करावी लागते. ओळखीची खूण सापडली तर तिथून, नाहीतर वाचणाऱ्या यंत्राला जिथे सुचलं तिथून.”

ही गोष्ट ताईंच्या डोक्यात दिवसभर घोळत राहिली. त्यांचा नवरा बुकबाइंडर होता. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचा दाबयंत्र, दोरा आणि सरसाचा पसारा. संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या ताईंनी विचारलं, “अहो, सुरुवातच नसलेलं पुस्तक बांधलंय का हो कधी?”

“पहिली पानं फाटलेली चिक्कार बांधलीत.”

“तसं नाही. शेवटच्या पानाला लागून पुन्हा पहिलंच पान. कुठूनही उघडा, कुठूनही वाचा.”

नवरा सरसाचा ब्रश हवेत धरून विचारात पडला. ब्रशवरचा थेंब चपलेवर पडला तेव्हा भानावर आला. “असं गिऱ्हाईक आलं तर माझ्याकडे पाठवू नकोस,” तो म्हणाला.

दोन वर्षं ताईंनी हाताने वर्तुळं काढली. पण तोवर डीएनए वाचणारी यंत्रं भराभर वाचायला लागली होती. पूर्वी पाच-पन्नास जनुकांचे तुकडे यायचे, आता अख्खे जिवाणू यायला लागले. एकेकात चार-चार हजार जनुकं. “इतके बाण शाईने काढायचे म्हटलं तर जिवाणूची आणि माझी, दोघांचीही हयात संपेल,” असं ताई स्वतःच म्हणाल्या, आणि मॅडमनी सॉफ्टवेअर आणलं.

सगळ्यांना वाटलं, ताईंना वाईट वाटणार. कानामागून आली आणि तिखट झाली, अशा नजरेने त्या संगणकाकडे बघणार. पण ताई पुढे सरकून स्क्रीनला नाक लावून बसल्या. हे सॉफ्टवेअर अजबच होतं. त्यात पेन नव्हतं, रेघ ओढायची सोय नव्हती. एका फाइलमध्ये नुसतं लिहून द्यायचं: केंद्रापासून इतक्या अंतरावर एक कडं, त्याची जाडी इतकी, रंग हा, त्यात ही जनुकं भर. मग एक कळ दाबायची, की चार हजार बाणांचं वर्तुळ समोर.

“हे म्हणजे हाताखालच्या माणसाला तोंडी सांगून नकाशा काढून घेण्यासारखं आहे,” ताई म्हणाल्या. “तो शहाणा आहे की उंटावरचा, एवढंच बघायचं.”

ते बघायला त्यांना संशोधक मुलीची मदत झाली. ही मुलगी जेवायची उभ्याने, जिना उतरायची दोन-दोन पायऱ्या सोडून आणि वाक्य अर्धं टाकून पुढच्या खोलीत पोचलेली असायची, म्हणून तिचं नाव पडलं होतं ‘घाई’. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी ताईंना तिनेच शिकवली. त्यांचं पहिलं चित्र निघालं तेव्हा सगळी नावं एकमेकांच्या उरावर बसली होती; बाण मुंगीएवढा आणि त्याचं नाव हातभर. “नाकापेक्षा मोती जड!” म्हणत ताईंनी ते चित्र फाडलं नाही, वहीत चिकटवलं. तसली चार-पाच सॉफ्टवेअरं त्यांनी वापरून पाहिली आणि वहीत एकेकाचा स्वभाव लिहून ठेवला. वेबसाइटवर चालणारं होतं ते सोपं, पण आपलंच खरं करणारं. दुसरं काढायचं देखणं, पण एक स्वल्पविराम चुकला की रुसून बसायचं. तिसरं एका दूरदेशीच्या प्राध्यापकाने एकट्याने लिहिलेलं. ते ओबडधोबड होतं, पण सांगाल तेवढंच आणि सांगाल तसंच करायचं. ताईंचं त्याच्याशी जमलं.

आणि मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. नकाशाच्या अगदी आतल्या बाजूला एक कडं असायचं, अर्धं हिरवं आणि अर्धं जांभळं. बाकीचे लोक ते शोभेसारखं काढून टाकायचे. ताईंनी विचारलं, “रंग बरोबर इथेच का बदलतो? पलीकडेही समोरासमोरच का?”

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. जिवाणू आपल्या धाग्याची नक्कल करतो तेव्हा एका ठिकाणापासून दोन्ही दिशांना निघतो आणि पलीकडे दोन्ही वाटा भेटतात, असं त्यांनी सांगितलं. त्या दोन वाटांवर अक्षरांचं प्रमाण जरा वेगळं पडतं. रंग बदलतो ती एक जागा सुरुवातीची, दुसरी भेटीची.

“म्हणजे त्याची त्याला सुरुवात माहीत असते की!” ताई म्हणाल्या. “शून्य आपण भलतीकडे धरतो.”

“बऱ्याचदा,” मॅडमनी कबूल केलं.

त्या वर्षी प्रयोगशाळेत सगळ्यांचा जीव एकाच जिवाणूत अडकला होता. कापड रंगवायच्या कारखान्यामागे एक निळंशार डबकं होतं. त्याच्या काठच्या चिखलात घाईला एक जिवाणू सापडला होता. निळ्या पाण्याच्या बाटलीत तो सोडला की चार दिवसांत पाणी नितळ. तो रंग खात होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण कोणत्या जनुकाच्या जोरावर, ते सापडत नव्हतं. त्याच्या पेशीत डीएनएची दोन वर्तुळं होती. एक मोठं, आणि शेजारी एक छोटं, अठ्ठावन्न हजार अक्षरांचं. छोटं वर्तुळ हरवलेले जिवाणू रंग खायचे थांबत. म्हणजे जनुक छोट्यातच होतं. छोट्यात, जनुकं शोधणाऱ्या वेगळ्या सॉफ्टवेअरने मोजून एकसष्ट जनुकं दाखवली होती. त्यातली जी जी संशयित वाटली ती घाईने एकेक करून निकामी केली. अकरा झाली. पाणी दर वेळी नितळच झालं.

“माझी पाच महिन्यांची मेहनत नितळ झाली,” ती सिंकशी बाटल्या धूत म्हणाली. घाई इतका वेळ एका जागी उभी राहिलेली ताईंनी पहिल्यांदाच पाहिली.

त्या आठवड्यात ताईंकडे छोट्या वर्तुळाचा नकाशा आला. अहवालात घालायचा होता, नुसते रंग नीट करून द्यायचे होते. ताईंनी तो काढला, मोठ्या कागदावर छापला आणि भिंतीला लावून चार पावलं मागे सरकल्या. ही त्यांची मोजणी खात्यातली सवय. जवळून रेघ दिसते, लांबून गाव दिसतं.

लांबून त्यांना दिसलं ते असं. सगळ्या वर्तुळावर बाण दाटीवाटीने बसले होते, भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरांसारखे. फक्त अगदी माथ्यावर, शून्याच्या डावी-उजवीकडे, मोकळी जागा होती. चांगली ठसठशीत.

“इथे कोणी राहत नाही का?” त्यांनी घाईला विचारलं.

“कुठे? ती रिकामी जागा आहे, ताई. सॉफ्टवेअरला तिथे जनुक सापडलं नाही.”

“एवढ्या गर्दीत एवढा मोकळा प्लॉट?”

“असतो कधी कधी.” आणि घाई दारापर्यंत पोचलीसुद्धा.

“अगं, थांब जरा. या फाइलमध्ये शून्य कोणी धरलं?”

“वाचणाऱ्या यंत्राने. त्याला जिथून जमलं तिथून.” एवढं जिन्यातून ऐकू आलं.

ताई खुर्चीत बसल्या. त्यांना मोजणी खात्यातली एक विहीर आठवली. चांगली पायऱ्यांची, दगडी, शंभर माणसांचं पाणी पुरवणारी विहीर. आणि सरकारी नकाशात तिचा पत्ताच नव्हता. ती नेमकी नकाशाच्या दोन शीटच्या कडेवर होती. या शीटवाल्याला अर्धी विहीर दिसली, त्याने ती शेजाऱ्याच्या भरवशावर सोडली. शेजाऱ्यालाही अर्धीच दिसली, त्याने ती याच्यावर सोडली. ताईंनी दोन्ही शीट कडेला कड लावून धरली तेव्हा कुठे ती सापडली होती.

त्यांनी छोट्या वर्तुळाची फाइल उघडली. शेवटी ती अक्षरांची एक लांब ओळच होती. वर्तुळ होतं ते चित्रात. ओळीचं एक टोक पहिलं अक्षर, दुसरं टोक शेवटचं. सॉफ्टवेअरला ही टोकं जोडलेली आहेत हे कोणी सांगितलं होतं का? त्यांनी जनुकं शोधणाऱ्या सॉफ्टवेअरची माहिती काढून शब्द लावत लावत वाचली. एका ओळीत लिहिलं होतं की ज्या जनुकाची सुरुवात किंवा शेवट टोकाबाहेर जातो, ते अपूर्ण समजून यादीत धरलं जाणार नाही. ही सूचना बदलता येते, असंही पुढे होतं. ती कोणी बदलली नव्हती.

ताईंनी आधी मूळ फाइलची प्रत करून बाजूला ठेवली. मग ओळीच्या डोक्याकडची वीस हजार अक्षरं कापून शेपटीला चिकटवली. वर्तुळ तेच, अक्षरंही तीच. फक्त शून्य सरकलं आणि जुनी टोकं आता ओळीच्या पोटात आली. मग त्या घाईला शोधत निघाल्या आणि ती त्यांना मॅडमच्याच खोलीत सापडली.

“ही यादी पुन्हा काढायचीय,” ताई म्हणाल्या. “मी शून्य हलवलंय.”

“ताई, त्याने काय होणार?” घाई म्हणाली. “एकसष्टची एकसष्टच येणार. अक्षरं तीच आहेत ना?”

“आली तर आली. तुझी पाच मिनिटं गेली म्हण.”

मॅडमनी दोघींकडे बघितलं. “काढ गं यादी. तुझी पाच मिनिटं मी भरून देते.”

घाईने तिथेच आज्ञा टाइप केली. दहा सेकंद. यादी सरसर खाली उतरली आणि थांबली. शेवटचा आकडा बासष्ट होता.

घाईने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि नव्या जनुकाची लांबी वाचली: पंधराशे तीस अक्षरं. सहाशे चाळीस जुन्या शून्याच्या अलीकडे, आठशे नव्वद पलीकडे. मग तिने ते जगभरच्या जनुकांच्या संग्रहाशी ताडून पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलली. रंगाचे रेणू फोडणाऱ्या प्रथिनांच्या कुळाशी ते जुळत होतं.

“काखेत कळसा!” मॅडम म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या. घाई मात्र रडत होती. मग तीही हसली, आणि ताईंना कळेना की आपण आता काय करायचं, म्हणून त्यांनी विचारलं, “पण हेच ते, हे कशावरून?”

प्रश्न बरोबर होता. जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. ते जनुक निकामी करून बघायला आणखी तीन महिने गेले. त्या काळात ताई रोज सकाळी पिशवी ठेवायच्या आधी घाईच्या टेबलाशी जाऊन यायच्या. शेवटी खिडकीत दोन बाटल्या उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी उजवीकडची नितळ झाली. डावीकडची, ज्यात ते जनुक निकामी केलेले जिवाणू होते, ती निळीची निळीच राहिली. पाचव्या दिवशीही, दहाव्या दिवशीही. पाणी घाणेरडं राहिलं म्हणून इतका आनंद झालेली माणसं ताईंनी जन्मात पाहिली नव्हती.

शोधनिबंधात मॅडमनी ताईंचं नाव लेखकांमध्ये घातलं. एकाने नाक मुरडलं, “त्या तर चित्रं काढतात.” मॅडम म्हणाल्या, “आपण चौघं ते चित्र पाच महिने बघत होतो.” विषय तिथेच संपला.

नावाचं ताईंना अप्रूप होतंच. नवऱ्याने त्या निबंधाच्या दोन प्रती कापडी बांधणीत बांधल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून भंडावून सोडलं. पण ताईंनी मॅडमकडे मागितलं ते वेगळंच. “मला एकदा ते वर्तुळ बघायचंय. खरं.”

मॅडमनी त्यांना पांढरा कोट घातला. जिवाणूंचा दाट गढूळ रस एका नळीत होता. त्यात मॅडमनी साबणासारखं काहीतरी मिसळलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, मग नळीच्या कडेने थंडगार अल्कोहोल हळूच सोडलं. दोन थर झाले, आणि त्यांच्या मधे धुक्यासारखं पांढरं काहीतरी वर यायला लागलं. ताईंच्या हातात काचेची कांडी दिली. त्यांनी ती फिरवली तसे चिकट पांढरे तंतू कांडीभोवती गुंडाळले गेले.

“हा डीएनए?”

“हाच.”

“वर्तुळ कुठे आहे?”

“बाहेर काढताना मोठ्या वर्तुळाचे तुकडे झाले. आणि आत होतं तेव्हाही ते काही आपल्या नकाशासारखं गोल बसलेलं नव्हतं. पेशीहून हजारपट लांब धागा तिच्यात कोंबलेला असतो, पिळून पिळून.”

ताई कांडी उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. “म्हणजे गुंताच आहे,” त्या म्हणाल्या. “आणि तरी त्याला त्यातलं नेमकं काम नेमकं सापडतं. कसं काय?”

“ते अजून सगळं कळलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या.

त्या दूरदेशीच्या प्राध्यापकाला ताईंनी घाईच्या मदतीने ईमेल लिहिला. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलची दोन टोकं जिथे जुळतात तिथे एक बारीक खूण यावी, म्हणजे बघणारा तिथे जरा थबकेल, एवढंच म्हणणं. विहिरीची गोष्टही लिहिली. घाई म्हणाली, विहीर कशाला? ताई म्हणाल्या, राहू दे. आठवड्याने उत्तर आलं. त्याला विहीर फार आवडली होती. पुढच्या आवृत्तीत टोकांच्या जागी एक छोटी तांबडी रेघ यायला लागली, आणि नव्या आवृत्तीच्या चाचण्या घ्यायला त्याने ताईंना आधीच फाइली पाठवायला सुरुवात केली. ताई त्यात चुका काढायच्या. तो आभार मानायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही.

घाईला डॉक्टरेट मिळाली आणि ती दुसऱ्या गावी स्वतःची प्रयोगशाळा थाटायला गेली. ताई निवृत्त झाल्या आणि पुढच्याच सोमवारी पुन्हा खिडकीशी येऊन बसल्या; आता आठवड्यातून दोन दिवस.

परवा त्यांच्याकडे एक नवा जिवाणू आला. गुहेतल्या मातीतला, सत्तर लाख अक्षरांचा. सॉफ्टवेअरने नेहमीसारखं त्याचं वर्तुळ काढलं. ताईंनी टोकांच्या जागी मोठं करून पाहिलं, मग यंत्राने वाचलेल्या मूळ फाइली उघडल्या आणि मॅडमच्या खोलीत गेल्या.

“याची टोकं जोडलेली आहेत हे कोणी बघितलंय?”

मॅडमनी केसांमध्ये खोचलेलं पेन काढलं. “का?”

“यंत्र तुकड्या-तुकड्याने वाचतं ना, त्यात शेवटच्या अक्षरावरून सलग पहिल्या अक्षरावर गेलेला एकही तुकडा मला सापडत नाही. सगळीकडे आहेत, फक्त तिथे नाहीत. मोजणीवाला तिथून गेलेलाच नाही.”

मॅडमनी त्या फाइली स्वतः उघडून पाहिल्या. काही थोड्या जिवाणूंचा धागा गोल नसतो, सरळ असतो, त्याला खरोखरीची दोन टोकं असतात, असं त्या म्हणाल्या. हा त्यातला असेल किंवा नसेल. टोकं पुन्हा वाचावी लागतील, आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतील.

ताईंनी त्याचे दोन नकाशे काढून भिंतीला लावलेत, एक गोल आणि एक आडवा. सोमवार आणि गुरुवार हे त्यांचे कामाचे दिवस. पण या आठवड्यात त्या बुधवारीही आल्या होत्या, दारातूनच डोकावल्या आणि विचारलं, “काही कळलं का?”